दुबार चौकटी

आमच्या छापखान्यात पहिल्यांदा पुस्तक करायला आलेला लेखक मास्तरांना घाबरतो. दुसऱ्यांदा येतो तो फक्त त्यांनाच भेटायला, आणि मला वाटेतल्या स्टुलाइतकीसुद्धा किंमत देत नाही. मी मालकीण असले म्हणून काय झालं? पानं मास्तर लावतात. कुठल्या पानावर किती मजकूर, चित्र कुठे बसवायचं, ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा, हे सगळं त्यांच्या हातात असतं. पूर्वी ते टायपिंगचा क्लास चालवायचे, म्हणून मास्तर. तो क्लास बंद पडला तेव्हा माझ्या वडिलांनी त्यांना इथे आणून बसवलं. मी तेव्हा शाळेत होते, त्यामुळे मास्तर मला अजूनही 'पोरी' म्हणतात. रागावले की 'मालकीणबाई' म्हणतात, आणि त्या दिवशी मी त्यांच्या टेबलाकडे फिरकत नाही. टेबल मात्र माझ्या समोरच आहे. त्यामुळे तिथे बोललेलं सगळं माझ्या कानावर पडतं, इच्छा असो वा नसो.

मास्तरांचा जगात एकच शत्रू आहे, तो म्हणजे दुबार मजकूर. एकच ओळ चुकून दोनदा पडली, एकच परिच्छेद दोन पानांवर आला, तेच चित्र पुन्हा लागलं, की त्याला आमच्याकडे दुबार म्हणतात. संगणकावर ही चूक फार सोपी. बोट जरा रेंगाळलं की झालंच. मास्तर डोळ्यांत तेल घालून दुबार शोधतात. लेखकाने तपासलेली पानं परत आली, मी सही केली, की छपाईच्या आधी ते एकटे बसतात आणि अख्ख्या पुस्तकावरून आणखी एकदा नजर फिरवतात. याला ते 'शेवटचा हात' म्हणतात. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, यावर त्यांचा ठाम विश्वास. त्या शेवटच्या हाताने कितीजणांची अब्रू वाचवली असेल देव जाणे, कारण मास्तर कुणाला त्याचा पत्ता लागू देत नाहीत. "त्या बिचाऱ्याला कशाला ओशाळं करायचं?" म्हणतात.

बोलण्यातही तोच खाक्या. सांगितलेलं पुन्हा सांगणार नाहीत. काकू, म्हणजे त्यांची बायको, मला एकदा म्हणाल्या, "तू मला आवडतेस असं लग्न ठरताना एकदा म्हणाले होते. त्यानंतर आजतागायत नाही. दुबार झालं असतं ना." मास्तर शेजारीच बसले होते. "तेव्हा नीट ऐकलं असतंस तर पुरलं असतं," म्हणाले, आणि चहा पिऊ लागले. काकू हसल्या. मला काही हसू आलं नाही, पण तो माझा स्वभाव.

तर अशा या माणसाच्या टेबलाशी एक दिवस चष्मेवाली येऊन उभी राहिली. पलीकडच्या रस्त्यावरच्या चष्म्याच्या दुकानात ती काम करते. लोकांच्या नाकाकानांवर चष्मे बसवून देते. आवाज इतका बारीक की यंत्र चालू असलं तर ती बोलतेय की नुसतीच ओठ हलवतेय हे कळत नाही. छातीशी टॅब धरलेला. कामाचं बोलायच्या आधी ती मास्तरांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "तुमचा चष्मा डावीकडे उतरलाय."

तो गेली कित्येक वर्षं उतरलेलाच होता. आम्हाला वाटायचं मास्तरांचा चेहराच तसा आहे. तिने हात पुढे केला, परवानगी मागितल्यासारखं केलं आणि न मिळताच चष्मा काढून घेतला. काड्या वाकवल्या, काचा पुसल्या, परत चढवला. मास्तरांनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, मला बघितलं, आणि म्हणाले, "हं. बसा. काय काम होतं?" मास्तरांच्या टेबलाशी बसायला खुर्ची मिळणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही.

तिचं काम असं होतं. ती इंटरनेटवर चित्रकथा काढायची. वेबकॉमिक म्हणतात त्याला. दर आठवड्याला थोडी थोडी टाकायची, कुणीही फुकट वाचावी, आणि खाली वाचकांनी आपापली मतं लिहावीत. कथा होती एका कॉम्प्युटर गेमची. भाऊ आणि बहीण लांब लांब बसून एकत्र खेळतात, एवढीच. मला गेममधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मी सरळ विचारलं, त्यात होतं काय?

"एक पडका किल्ला आहे. आत राक्षस आहेत. दोघांनी मिळून वरपर्यंत चढायचं."

"वर काय आहे?"

"माहीत नाही. आम्ही अजून पोचलो नाही."

हे उत्तर मला आवडलं. त्या कथेत चिलखत घातलेलं एक लठ्ठ अस्वल होतं, सदानकदा खाणारं आणि बढाया मारणारं, आणि एक एवढीशी मुलगी होती, स्वतःपेक्षा मोठी ढाल पाठीवर घेतलेली. अस्वल म्हणजे तिचा दादा. तो मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळतो. घरात हे दोघंच, आई-वडील नाहीत. जहाजावर असताना नेटची रेंज आली की दादा खेळायला यायचा, आणि समुद्रातलं नेट ते, कधीही दगा द्यायचं. मग अस्वल बोलता बोलता एक पाय वर घेतलेल्या अवस्थेत तसंच गोठायचं. "थांब, आलोच," असं तो नेट जायला लागलं की प्रत्येक वेळी म्हणायचा. तेच कथेचं नाव होतं आणि तेच पुस्तकाला द्यायचं होतं.

"दादाने हे बघितलेलंच नाही," ती म्हणाली. "तो मागच्या खेपेला गेल्यानंतर मी सुरू केलं. गेम जुना आहे, हलका आहे, तो कसाबसा चालतो तिथे. चित्रं उघडत नाहीत. आता तो सुट्टीवर येईल, तेव्हा मला पुस्तक त्याच्या हातात द्यायचंय."

"मग फोनवरच दाखवा की," मास्तर म्हणाले.

"फोनवर तो भराभर सरकवेल." मग आणखी बारीक आवाजात, "बाकी कुणी नाही वाचलं तरी चालेल मला."

आम्ही पुस्तकं नुसती छापत नाही, काढतोही, आणि प्रकाशकाच्या तोंडावर असं बोलायचं नसतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी मुकाट्याने पुस्तक घेतलं.

पुढचे काही आठवडे मास्तर निराळेच झाले होते. चित्रांचं पुस्तक त्यांनी कधी लावलं नव्हतं. वेबवर ही कथा वरून खाली एका उभ्या पट्टीत येते, बोटाने सरकवत वाचायची. ती पट्टी कापून पानांवर बसवायची होती. दुकानातून सुटली की चष्मेवाली यायची आणि दोघं डोक्याला डोकं लावून बसायचे. "हे अस्वल एवढं खातं कशाला?" मास्तर विचारायचे. "आयुष्य वाढतं त्याने," ती सांगायची. "आमच्या डॉक्टरांना सांगायला पाहिजे," मास्तर म्हणायचे आणि चक्क हसायचे. मला जरा असूया वाटली, खोटं कशाला बोलू? मी लहानपणापासून ओळखते त्यांना, माझ्या विनोदावर ते कधी हसले नाहीत.

तिने पानं तपासली. मी सही केली. मग मास्तर शेवटचा हात फिरवायला बसले.

आणि चित्रं बसवण्याच्या नादात आधी निसटलेलं आता त्यांच्या लक्षात आलं, की एकच चौकट जागोजागी पुन्हा पुन्हा लागली आहे. अस्वल बोलता बोलता थांबलेलं, एक पाय वर. त्याच्यासमोर ढाल रोवून मुलगी उभी, पलीकडच्या अंधारात दोन डोळे. पुढे तीच चौकट. मग तीच. एका ठिकाणी तर पान भरून तीच, रेषेचाही फरक नाही, शब्द नाही. पोर दिवसभर दुकानात उभी राहते, घरी येऊन चित्रं काढते, दमून हात रेंगाळला असेल, आणि तपासतानाही दिसलं नाही, असं मास्तरांनी ठरवून टाकलं. जिथे अस्वल बोलत होतं ती पहिली चौकट ठेवली, बाकीच्या एकेक करून काढल्या. पुढची चित्रं वर ओढून घेतली. सांधा कुठेही दिसू नये इतकं सफाईदार काम. तिला ओशाळं वाटू नये म्हणून तिला सांगितलं नाही, आणि तिच्या कानावर जाईल म्हणून मलाही नाही. "त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो पोरी, की घरी जाताना काकूसाठी फुलं घेतली," हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पुस्तक आलं. चष्मेवालीने पहिली प्रत उघडली, दोन-चार पानं उलटली आणि तिचा चेहरा पडला. मला वाटलं भरून आलं असेल, पहिलं पुस्तक आहे. "छान झालंय," एवढंच म्हणाली आणि प्रती घेऊन गेली. पुस्तक दुकानांमध्ये गेलं, खपायलाही लागलं. पण तिची वेबवरची कथा त्याच आठवड्यात थांबली. खाली वाचक विचारत राहिले, काय झालं, बरी आहेस ना, पुढचं कधी? तिने उत्तर दिलं नाही. मला कारण कळेना. छापखान्याकडून काही राहिलं का, असं मी दुकानात जाऊन विचारलंसुद्धा. "नाही, नाही," म्हणाली आणि कुणाच्या तरी कानामागे काडी बसवत राहिली.

आमच्या इथे वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर वाचकांची बैठक भरते. एक पुस्तक घ्यायचं आणि प्रत्येकाने आपलं मत सांगायचं. लेखकाला बोलावतात, पण त्याने सगळ्यांचं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही असा तिथला नियम आहे. भलेभले लेखक तिथे मूग गिळून बसलेले मी पाहिलेत. या वेळी पुस्तक होतं 'थांब, आलोच'. मास्तर एरवी अशा ठिकाणी पाऊल टाकत नाहीत, पण त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मागच्या बाकावर बसले. चष्मेवाली पुढे, मांडीवर हात ठेवून.

आधी सगळं गोड गोड झालं. चित्रं सुंदर, अस्वल धमाल, एकाला कागद आवडला, एकाला अक्षर बारीक वाटलं. मग एक निवृत्त नर्सबाई उठल्या. सरळ बोलणारी बाई, मला आवडतात त्या.

"मला त्या बहिणीचा राग आला," त्या म्हणाल्या. "भाऊ बिचारा बोलता बोलता अडकतो, आणि पुढच्याच चित्रात तो नाहीसा झालेला आणि ही ढाल पाठीला लावून घरी निघालेली. एकदा नाही, दर वेळी. अगं, जरा थांब की. मागे वळून तरी बघ."

एक प्राध्यापक म्हणाले की लेखिकेला नेमकं हेच दाखवायचं आहे, आजकाल कुणी कुणासाठी थांबत नाही. झालं. वाचकांना एकदा अर्थ सापडला की ते तो सोडत नाहीत. पुढचे सगळे त्या निर्दय बहिणीबद्दलच बोलायला लागले, आणि फार मार्मिकपणे बोलले. चष्मेवाली मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

शेवटी एक तरुण उठला. बेकरीत काम करतो, बाहीला पीठ तसंच होतं. "मी हे वेबवर पहिल्यापासून वाचतो," तो म्हणाला. "ती थांबते. अस्वल गोठलं की राक्षस त्याला मारू शकतात, त्याने जमवलेलं सगळं जातं. म्हणून ती ढाल घेऊन समोर उभी राहते. मग तेच चित्र. खाली सरकवत राहायचं, तेच चित्र. काही होत नाही, ती उभीच. मग केव्हातरी नेट पूर्ण तुटतं, अस्वल नाहीसं होतं, आणि मगच ती वळते. मी बसमध्ये सरकवत असायचो, तर माझा स्टॉप निघून जायचा. पुस्तकात ती चित्रं नाहीत. एकही नाही. का नाहीत, एवढंच विचारायचंय मला."

मला आत्ता कुठे उलगडा होत होता. मी मागे वळून बघितलं. मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

चष्मेवालीची पाळी आली. ती उठली, आणि त्या बारीक आवाजात म्हणाली, "माझ्याकडूनच राहून गेलं असेल. चूक झाली."

ती आम्हाला वाचवत होती. छापखान्याने काहीतरी कापलं हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जागेसाठी कापलं असेल, आपण कोण बोलणार, असं म्हणून तिने ते गिळलं होतं. आणि आता भरल्या खोलीत ते स्वतःच्या अंगावर घेत होती. मला तिचा इतका राग आला आणि इतकी माया आली की काय करावं कळेना.

मास्तर बाकाला धरून उभे राहिले. "तिच्याकडून काही राहिलेलं नाही," म्हणाले. "मी काढली ती चित्रं. मी पानं लावतो. मला वाटलं, चुकून दुबार लागलीत. तिला न विचारता काढली." खोलीत कुणीतरी हसलं. मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं नाही. "ती मुलगी थांबते. तेवढं सगळ्यांनी लक्षात ठेवा," म्हणाले आणि खाली बसले.

बैठक संपल्यावर आम्ही तिघं जिन्यात थांबलो. मीच म्हटलं, "बाई गं, पहिल्या दिवशीच सांगायचं नाहीस का? भांडायचं माझ्याशी."

"छापून झालं होतं," ती म्हणाली. मग कठड्याला टेकून तिने जे सांगितलं ते मी विसरणार नाही. दादाचं नेट अडकलं की त्याचा पडदा बंद पडतो. त्यानंतर किल्ल्यात काय झालं ते त्याला दिसत नाही. आपण गेलो की बहीणही कंटाळून निघून जाते, असंच तो धरून चालतो, आणि तिने त्याला कधी सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, मी तुझ्या निर्जीव अस्वलासमोर उभी असते म्हणून? "म्हणून काढलं," ती म्हणाली. "बाकीचे विनोद नुसते जोडीला आहेत. आता हे पुस्तक मी त्याला देणार नाही. यात मी त्याला सोडून जाते."

दादाचं येणं पंधरवड्यावर आलं होतं. पुन्हा छापायला तेवढा वेळ नव्हता, अर्ध्याहून जास्त प्रती दुकानांत गेल्या होत्या. मास्तर जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी ते राजीनामा घेऊन येतील, असं मी धरून चालले होते. ते आले ते लांबलचक कागद घेऊन. काढलेल्या चौकटी त्यांनी एकेका पट्टीवर एकाखाली एक छापल्या, पट्ट्यांना घड्या घातल्या आणि त्या ज्या त्या पानाच्या कडेला खळ लावून चिकटवल्या. पान उघडलं की अस्वल गोठलेलं, आणि त्याच्या पायाशी एक छोटी घडी. ती ओढली की उलगडते. मुलगी उभी आहे. आणखी उलगडते. मुलगी उभीच आहे. हातभर कागद खाली लोंबायला लागतो तरी ती उभीच.

"कसं आहे, मालकीणबाई?" मास्तरांनी विचारलं. ते रागावलेले होते, पण माझ्यावर नव्हे. मी मान हलवली.

पहिली प्रत त्यांनी दादासाठी केली. चष्मेवालीने ती उलगडून बघितली, परत घड्या घातल्या, पिशवीत ठेवली आणि जाता जाता मास्तरांचा चष्मा पुन्हा एकदा सरळ केला. मग उरलेल्या प्रती. ज्यांच्याकडे आधीच पुस्तक गेलं होतं त्यांनी छापखान्यात येऊन पट्ट्या लावून घ्याव्यात, असं मी वेबवर आणि दुकानांतून कळवलं. मला वाटलं चार टाळकी येतील. लोक रोज यायला लागले.

आणि इथे एक गंमत झाली. खळ वाळायला वेळ लागतो. पुस्तक मिटून वर वजन ठेवायचं आणि बसून राहायचं. ओलं पुस्तक उघडू द्यायचं नाही, याबाबतीत मास्तर फार कडक. तोवर आलेल्या माणसाने करायचं काय? तो मास्तरांसमोर बसायचा आणि पुस्तकाबद्दल बोलायचा. एक शाळकरी मुलगी तावातावाने सांगून गेली की किल्ल्याच्या तिसऱ्या मजल्यावर तसली ढाल चालतच नाही, चित्र चुकलंय. एक गृहस्थ म्हणाले, मी गेम खेळत नाही, पण मुलगा खेळतो, आणि आता मी त्याच्या खोलीत जाऊन बसतो, तो हाकलत नाही. बेकरीवाला पाव घेऊन आला आणि वेबवर बरं होतं की इथे बरं आहे यावर बराच वेळ स्वतःशीच भांडला. नर्सबाई आल्या, पट्टी उलगडली, मिटली, परत उलगडली. "माझं मत मी मागे घेते," म्हणाल्या. "मी पण पेशंटपाशी अशीच बसायचे. त्यांनाही कधी कळलं नाही."

मास्तर ऐकत राहायचे. एका दुपारी खोलीत कुणी नसताना मला म्हणाले, "पोरी, मी आयुष्यभर पानं लावली. लेखक खूप बघितले. पण वाचणारा माणूस असा समोर बसलेला मी कधी बघितला नव्हता. मला वाटायचं, पुस्तक चुकीशिवाय गेलं की आपलं काम झालं." एवढं बोलून ते कागद कापू लागले. काकू सांगत होत्या की हल्ली घरी जेवताना ते रोज सांगतात, आज कोण आलं आणि काय म्हणालं. काकूंना ते फार आवडत होतं आणि त्या ते लपवतही नव्हत्या.

दादा यायला अजून काही दिवस होते. त्याच आठवड्यात सकाळी एक दांडगा माणूस दारात येऊन उभा राहिला, खांद्यावर भली मोठी बॅग. हातात पुस्तक. "दुकानदार म्हणाला यात काहीतरी पट्टी लावून मिळते," म्हणाला.

मास्तरांनी पुस्तक घेतलं, तो स्टुलावर बसला. स्टूल करकरलं. मास्तर एकेका पानाला खळ लावत गेले, पट्ट्या बसवत गेले आणि सवयीने विचारलं, "कसं वाटलं पुस्तक?"

"चांगलं आहे," तो माणूस म्हणाला. "येताना बसमध्ये वाचलं. हसलो खूप." खांद्यावरची बॅग खाली ठेवली. "खरं सांगू का? थोडं लागलं. यातलं अस्वल मी आहे. आमचं जहाज लवकर लागलं. बहिणीला न सांगता आलो, म्हटलं दुकानात जाऊन तिला चकित करू. स्टेशनवर हे दिसलं. मी गेलो की ती पण जात असणार हे मला माहीत होतंच, कोण थांबेल? तिला सकाळी कामावर जायचं असतं. पण छापलेलं बघितलं की वेगळं वाटतं. म्हटलं जरा चेहरा ठीक झाला की जाऊ तिच्याकडे."

मास्तरांचा हात थांबला. मी खुर्चीतून उठले होते. त्यांनी मला बस म्हणून खूण केली. पुस्तक मिटून वजनाखाली ठेवायचं होतं, ते त्यांनी ठेवलं नाही. तसंच ओलं, उघडं पुस्तक दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरलं.

"ही घडी ओढा," म्हणाले.

त्याने जाडजूड बोटांनी हळूच ओढली. एक घडी उलगडली, मग दुसरी. तो बघत राहिला. तिसरी उलगडली तेव्हा कागद त्याच्या गुडघ्यावर आला. त्याने पुढचं पान उलटलं, तिथली पट्टी ओढली, मग त्याच्या पुढची. यंत्र बंद होतं, त्यामुळे कागदाचा आवाज तेवढा येत होता.

"माझं कधीच काही हरवायचं नाही," तो म्हणाला. "परत आलो की तलवार, अन्न, सगळं जागच्या जागी. मला वाटायचं गेममध्येच तशी सोय आहे." मग मास्तरांकडे बघून, "ती किती वेळ अशी उभी राहायची?"

"तुम्ही दिसेनासे होईपर्यंत," मास्तर म्हणाले. "एकदाही आधी निघालेली नाही. मला विचारा. त्या चौकटी मी माझ्या हाताने एकेक करून काढल्या होत्या." आणि ज्या माणसाने आयुष्यात एक गोष्ट दोनदा सांगितली नाही तो पुन्हा म्हणाला, "एकदाही नाही."

तो उठला. डोळे पुसायचं त्याच्या लक्षात नव्हतं. "खळ ओली आहे, मिटू नका, तसंच उघडं धरून न्या," मास्तरांनी सांगितलं. तेव्हा तो ते पुस्तक दोन्ही हातांत उघडं धरून बाहेर पडला आणि पट्ट्या खाली लोंबत असताना भर रस्त्यातून चष्म्याच्या दुकानाकडे गेला. बॅग आमच्याकडेच राहिली. ती न्यायला संध्याकाळी दोघं आले.